हरकत वेगळी, सूचना वेगळी

महापालिकेच्या विकास आराखड्याच्या जाहिराती वाचत मोठ्या झालेल्या माणसाला ‘हरकती व सूचना’ हा एकच शब्द वाटतो. साध्या कागदावर अर्ज लिहायचा, आवक-जावकला शिक्का मारून घ्यायचा आणि सुनावणीच्या पत्राची वाट बघायची. त्यात हरकत किती आणि सूचना किती, याची चिंता अर्जदार करत नाही. हीच सवय घेऊन आपली मंडळी अमेरिकेत फेमाच्या, म्हणजे तिथल्या केंद्रीय आपत्ती-व्यवस्थापन संस्थेच्या, नव्या पूर-नकाशासमोर उभी राहतात आणि आक्षेप घ्यायचे नव्वद दिवस वाया घालवतात. इथे कॉमेंट वेगळी आणि अपील वेगळं. दोन्ही एकाच मुदतीत, एकाच टाउन हॉलमधून जातात, म्हणून सगळा गोंधळ.

कॉमेंटबद्दल फार लिहीत नाही, ती तुम्हाला येतेच. रस्त्याचं नाव चुकलं, टाउनशिपची (म्हणजे तिथल्या गावच्या नगरपालिकेची) हद्द भलतीकडून गेली, नवा पूल दाखवायचा राहिला, अशा गोष्टी कळवायच्या. फेमा तपासते, योग्य वाटल्यास दुरुस्त करते.

अपीलाला मात्र कायद्याने एकच आधार ठेवला आहे: नकाशातली पूरपातळी, पूरक्षेत्राची हद्द किंवा झोन (पुराच्या धोक्यानुसार अक्षर दिलेला विभाग) शास्त्रीय किंवा तांत्रिकदृष्ट्या चूक आहे. शास्त्रीय चूक म्हणजे पद्धत किंवा गृहीतकंच गैरलागू. तांत्रिक चूक म्हणजे पद्धत बरोबर, पण ती नीट वापरली नाही, माहिती अपुरी होती किंवा मोजमाप चुकलं. आणि लोक नेमके अडखळतात ते पुढच्या पायरीवर. ‘तुमचं चुकलं’ एवढं म्हणून भागत नाही. ‘बरोबर काय’ तेही आकड्यांत मांडावं लागतं, आणि तुमचा आकडा त्यांच्या आकड्यापेक्षा अधिक अचूक आहे हे दाखवावं लागतं. म्हणजे परवानाधारक इंजिनिअर किंवा सर्व्हेयर, त्याची सही, त्याचं बिल. शिवाय जो भाग या खेपेला नव्याने अभ्यासलाच नाही, तिथल्या जुन्या रेषेवर अपील करता येत नाही.

आता आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरणारी ‘अपीलं’ बघा. ‘अठरा वर्षं राहतोय, बेसमेंटमध्ये थेंब आला नाही.’ ‘घराची किंमत पडेल.’ ‘पूर-विम्याचा प्रीमियम परवडणार नाही.’ ‘दोनशे सह्या जमवू.’ यातलं एकही अपील नाही. दोनशे सह्यांची सुद्धा कॉमेंटच होते, फक्त जाड. अठरा वर्षांच्या कोरड्या बेसमेंटचं तर मला हसू येतं. ज्याला ‘शंभर वर्षांचा पूर’ म्हणतात तो दर शंभर वर्षांनी येत नाही. तो येण्याची शक्यता दरवर्षी १ टक्का असते आणि तीस वर्षांच्या मॉर्गेजच्या काळात ती सुमारे २६ टक्क्यांवर जाते. प्रीमियमचं म्हणाल, तर २०२१-२२ पासून केंद्राच्या पूर-विमा योजनेच्या नव्या दरपद्धतीत तो झोनच्या अक्षरावरून ठरतच नाही. झोनवर ठरतं ते हे, की बँक तुम्हाला विमा घ्यायला लावणार की नाही.

खरं अपील कसं दिसतं ते न्यूयॉर्क शहराने दाखवलं. २०१२ च्या सँडी चक्रीवादळानंतर आलेल्या प्राथमिक (अजून लागू न झालेल्या) नकाशांवर शहराने जून २०१५ मध्ये अपील केलं. नॉरईस्टरसारख्या (ईशान्य किनाऱ्यावरच्या, चक्रीवादळांहून वेगळ्या) वादळांचं मॉडेल नीट पडताळलेलं नाही, भरती-ओहोटीचा परिणाम चुकीचा धरला आहे, त्यामुळे काही ठिकाणी पूरपातळी दोन फुटांहून जास्त चढवली गेली, असा मुद्दा होता आणि सोबत स्वतःचं पर्यायी विश्लेषण होतं. ऑक्टोबर २०१६ मध्ये फेमाने नकाशे पुन्हा करायचं मान्य केलं. त्यानंतरही विम्यासाठी २००७ चाच नकाशा चालू राहिला, बांधकामाला मात्र २००७ आणि २०१५ यांपैकी जो कडक असेल तो. ‘प्राथमिक आहे, सोडून द्या’ म्हणणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

अपील गेलं की आणखी एक दार उघडतं. फेमाचं उत्तर पटलं नाही, तर स्वतंत्र तज्ज्ञांच्या पॅनेलकडे जायची मागणी टाउनशिप करू शकते. नुसती कॉमेंट देणाऱ्याला हे दार नाही. म्हणून मी म्हणतो, सह्यांच्या कागदावर वेळ घालवण्यापेक्षा वर्गणी काढा आणि एक इंजिनिअर गाठा. नव्वद दिवस मोजायचे ते स्थानिक वर्तमानपत्रात दुसऱ्यांदा जाहिरात येते त्या दिवसापासून, टाउन हॉलमधल्या सभेपासून नव्हे. आणि कागद टाउनशिपमार्फत पाठवायचे.

‘टाउनशिपच्या कौन्सिलने नकाशा नामंजूर करावा’ ही मागणीही दर खेपेला होते. कौन्सिलसमोर नकाशा मंजुरीला येतच नाही. फेमाचं अंतिम निर्णयाचं पत्र आलं की सहा महिन्यांनी नकाशा लागू होतो. तोवर टाउनशिपने आपला पूरक्षेत्राचा स्थानिक कायदा त्याला जुळवून घ्यायचा, मतदान होतं ते त्यावर. तो संमत झाला नाही तर टाउनशिप विमा योजनेतून निलंबित होते. मग योजनेची नवी पॉलिसी मिळत नाही, जुनीचं नूतनीकरण होत नाही. फेमाची जिरवायला गेलेले शेजाऱ्यांचीच जिरवतात.

तुमचं एकट्याचंच घर मुळात उंचवट्यावर असेल, तर या सगळ्यात पडूच नका. त्याला लोमा (लेटर ऑफ मॅप अमेंडमेंट, म्हणजे नकाशा-दुरुस्तीचं पत्र) नावाचा तिसरा कागद आहे. तो नकाशा लागू झाल्यावर करायचा, घराला लागून असलेली सर्वांत खालची जमीन पूरपातळीइतकी किंवा तिच्या वर आहे हे मोजून दाखवायचं. त्याचं फेमा काही शुल्क घेत नाही. सर्व्हेयर घेतो.