फुप्फुसाचा कर्करोग आणि रक्तातले आकडे : पार्श्वभूमी

1957 मध्ये विल्यम श्वार्ट्झ, फ्रेडरिक बार्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुप्फुसाचा कर्करोग असलेल्या दोन रुग्णांचं वर्णन प्रसिद्ध केलं. दोघांच्या रक्तातलं सोडियम खूप उतरलं होतं, तरी लघवीतून सोडियम जातच होतं. गरज नसताना शरीरात पाणी धरून ठेवणारा हार्मोन स्रवतो आहे, हा त्यांनी काढलेला निष्कर्ष पुढे खरा ठरला. स्मॉल सेल या झपाट्याने वाढणाऱ्या प्रकारच्या गाठीतल्या पेशी हा हार्मोन अनेकदा स्वतःच बनवतात. म्हणजे छातीतल्या गाठीची खबर सोडियमसारख्या रोजच्या तपासणीतून मिळू शकते, हे तेव्हा दिसलं. ही खबर रुग्ण किती काळ जगेल याचा अंदाज बांधायला वापरण्यासाठी मात्र आणखी तीस वर्षं गेली.

तोवर अंदाजाचे मुख्य आधार दोन होते: रोग कुठवर पसरला आहे आणि रुग्ण किती हिंडता-फिरता आहे. दुसरी गोष्ट 0 ते 100 मध्ये मोजणारी (100 म्हणजे पूर्ण धडधाकट) कार्नोफ्स्की मोजपट्टी 1948 मध्ये नायट्रोजन मस्टर्ड औषधाच्या अभ्यासातून आली, आणि त्या अभ्यासाचा भरही फुप्फुसाच्या कर्करोगावरच होता. ती आजही उपयोगी आहे, पण तिच्यात बघणाऱ्याच्या नजरेचा भाग असतो. एकच रुग्ण एका डॉक्टरला 70 चा वाटतो, दुसऱ्याला 60 चा. संख्याशास्त्राची हत्यारंही नंतरच आली. रुग्ण अजून हयात असतानाही हिशोब मांडता येईल अशी कापलान-मायर पद्धत 1958 ची, आणि अनेक घटक एकत्र घेऊन प्रत्येकाचं वजन वेगळं काढणारं कॉक्सचं मॉडेल 1972 चं.

1987 मध्ये स्मॉल सेल कर्करोगाच्या 407 रुग्णांच्या नोंदींवरून मँचेस्टर स्कोअर तयार झाला. त्यात सहा गोष्टींना प्रत्येकी एक गुण होता: एलडीएच (पेशी मोडल्यावर रक्तात येणारं एन्झाइम) सामान्य मर्यादेच्या वर, सोडियम लिटरला 132 मिलिमोलच्या खाली, अल्कलाइन फॉस्फटेज (यकृत आणि हाडांतलं एन्झाइम) मर्यादेच्या दीडपटीहून जास्त, बायकार्बोनेट (रक्तातलं आम्ल आवरणारा क्षार) लिटरला 24 मिलिमोलच्या खाली, कार्नोफ्स्की 60 च्या खाली आणि पसरलेला रोग. 0-1 गुण म्हणजे चांगला गट, 2-3 मधला, 4 किंवा जास्त म्हणजे वाईट. सहापैकी चार गोष्टी साध्या रक्ततपासणीतल्या आहेत, हे मुद्दाम लक्षात ठेवावं. एलडीएच वाढतं ते गाठीचा आकार, पेशींची भराभर होणारी मोडतोड आणि साखर अर्धवट जाळण्याची गाठीची सवय यांमुळे. ही सवय ओटो वारबुर्ग यांनी 1920 च्या दशकातच दाखवली होती.

याच काळात दुसरा शोध चालू होता, तो गाठीनेच रक्तात सोडलेल्या पदार्थांचा. फिल गोल्ड आणि सॅम्युएल फ्रीडमन यांनी 1965 मध्ये मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सीईए हा पदार्थ शोधला, आणि पुढे तो फुप्फुसाच्या कर्करोगातही वाढलेला आढळला. स्मॉल सेलसाठी एनएसई हे एन्झाइम मोजणारी आणि नॉन-स्मॉल सेलसाठी (म्हणजे बाकीच्या प्रकारांसाठी) सायटोकेराटिन 19 या प्रथिनाचा तुकडा मोजणारी सायफ्रा 21-1 या चाचण्या त्यानंतरच्या. या चाचण्यांत घोळ बहुतेक वेळा नमुन्यात किंवा रुग्णाच्या इतर आजारांत असतो. सीईए धूम्रपान करणाऱ्यांत कर्करोग नसतानाही थोडं चढलेलं असतं, सायफ्रा मूत्रपिंड निकामी होत असताना वाढतं. एनएसईचं दुखणं सर्वांत मोठं, कारण ते तांबड्या पेशींतही भरपूर असतं. बारीक सुईने जोर लावून ओढलेलं किंवा तासाभरात सेंट्रिफ्यूज न केलेलं रक्त असेल, तर पेशी फुटतात, सीरम गुलाबी दिसतं आणि आकडा चढतो. अशा नमुन्यातला एनएसईचा आकडा देऊच नये, रक्त पुन्हा घ्यावं. एलडीएचलाही हाच नियम लागू.

तिसरी वाट शरीराच्या प्रतिसादाची. गाठीत पांढऱ्या पेशी दिसतात हे रुडॉल्फ फिरखॉव यांनी 1863 मध्येच नोंदवलं होतं. सीआरपी हे दाह झाल्यावर रक्तात वाढणारं प्रथिन 1930 मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांत सापडलं. हे दोन धागे 2003 मध्ये स्कॉटलंडमधल्या ग्लासगोत एका स्कोअरमध्ये जुळले. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या नॉन-स्मॉल सेल रुग्णांसाठी सीआरपी लिटरला 10 मिलिग्रॅमच्या वर असेल तर एक गुण, अल्ब्युमिन हे रक्तातलं मुख्य प्रथिन लिटरला 35 ग्रॅमच्या खाली असेल तर एक. गुण जितके जास्त, तितकं आयुष्य कमी. नंतरच्या सुधारित आवृत्तीत सीआरपी न वाढता फक्त अल्ब्युमिन कमी असेल तर गुण देणं बंद झालं.

फुप्फुसाच्या कर्करोगात या गुणांचा एक सापळा आहे. गाठीने श्वासनलिका दाबली की तिच्यामागे न्यूमोनिया होतो आणि सीआरपी शंभरीपार जातं. ते गाठीमुळे की जंतूंमुळे, हे आकडा सांगत नाही. सीआरपीचं अर्धायुष्य सुमारे 19 तास, अल्ब्युमिनचं जवळपास 20 दिवस. त्यामुळे संसर्ग आटोक्यात आल्यावर सीआरपी काही दिवसांत उतरतं, अल्ब्युमिन मात्र आठवडे रेंगाळतं. संसर्ग पुरता बरा झाल्यावरच गुण काढावेत.

पेशी मोजणारी यंत्रं सगळीकडे पोहोचल्यावर आणखी स्वस्त मापं निघाली. वॉलेस कोल्टर यांच्या यंत्राचं पेटंट 1953 चं. न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट हे पांढऱ्या पेशींचे दोन प्रकार. न्यूट्रोफिलना लिम्फोसाइटने भागायचं हे गुणोत्तर 2001 मध्ये अतिदक्षता विभागातल्या रुग्णांसाठी सुचवलं गेलं आणि काही वर्षांत कर्करोगात शिरलं. समजा एकूण पांढऱ्या पेशी 11,600, न्यूट्रोफिल 9,000 आणि लिम्फोसाइट 1,800 आहेत. गुणोत्तर 5 येतं. लिम्फोसाइटऐवजी न्यूट्रोफिल वजा जाता उरलेल्या 2,600 पेशींनी भागलं तर 3.46. हे दुसरं माप 3 च्या वर असणं आणि एलडीएच मर्यादेच्या वर असणं, या दोन गोष्टींवर 2018 मध्ये लिपी (लंग इम्यून प्रोग्नॉस्टिक इंडेक्स) नावाचा स्कोअर बेतला गेला. तो इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती गाठीवर सोडणारे उपचार, घेणाऱ्या रुग्णांसाठी होता.

रक्त कधी काढलं यावर इथे सगळं अवलंबून आहे. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड घेतल्यावर न्यूट्रोफिल चढतात आणि लिम्फोसाइट घसरतात. पेमेट्रेक्सेड या केमोथेरपीच्या औषधाच्या आदल्या दिवसापासून तीन दिवस ते रोज दोनदा देतात. मेंदूतल्या सुजेसाठी तर ते आठवडे चालू असतं. पांढऱ्या पेशी वाढवणारी जी-सीएसएफ इंजेक्शनंही गुणोत्तर बिघडवतात. उपचार सुरू होण्याआधीचं, स्टेरॉइडच्याही आधीचं रक्त नसेल तर गुणोत्तर मांडू नये, हे आमचं ठाम मत आहे.

शेकडो शोधनिबंध निघूनही बहुतेक मापं रोजच्या वापरात आली नाहीत, याचं मोठं कारण मर्यादा ठरवण्याची रीत. गुणोत्तराची रेषा कुणी 3 वर आखली, कुणी 5 वर, कुणी आपल्याच रुग्णांत फरक सर्वांत ठळक दिसेल तिथे. मग दुसऱ्या रुग्णालयात तो फरक विरतो. 2005 मध्ये आलेल्या रिमार्क नियमावलीने अशा अभ्यासांत नेमकं काय काय सांगायचं ते ठरवून दिलं.

लिपी स्कोअरचा प्रवास यासाठीच बघण्यासारखा आहे. पहिल्या अभ्यासात हा स्कोअर इम्युनोथेरपीच्या रुग्णांत चालला आणि केमोथेरपीच्या रुग्णांत चालला नाही. तेव्हा औषध निवडायला तो कामी येईल असं वाटलं. पण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2019 मध्ये अनेक चाचण्यांची माहिती एकत्र करून पाहिली, तेव्हा वाईट गुण असलेल्यांचं आयुष्य दोन्ही उपचारांत कमीच होतं. म्हणजे तो रोगाचा जोर सांगतो. कोणतं औषध लागू पडेल हे त्यावरून ठरवता येत नाही, आणि म्हणून गुण वाईट आहेत एवढ्यावरून कुणाचं औषध नाकारता येत नाही.

औषध निवडायला खरा उपयोग झाला तो रक्तातल्या डीएनएचा. मोकळी न्यूक्लिक आम्लं रक्तात असतात हे मांदेल आणि मेते यांनी 1948 मध्ये दाखवलं होतं. ज्यावरून औषध ठरतं तो ईजीएफआर जनुकातला बदल प्लाझ्मातून शोधणाऱ्या चाचणीला अमेरिकेत 2016 मध्ये मान्यता मिळाली. शस्त्रक्रियेनंतर उरलेला रोग टिपण्यासाठी हाच मार्ग 2017 पासून तपासला जातो आहे. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीतलं रक्त काही तासांत वेगळं करावं लागतं, नाहीतर पांढऱ्या पेशी फुटून त्यांचं डीएनए मिसळतं आणि गाठीचा अंश त्यात बुडून जातो. वयानुसार रक्तपेशींतच होणारे जनुकबदल गाठीचे समजले जाऊ नयेत म्हणून पांढऱ्या पेशींची तपासणी सोबत करतात. शिवाय सगळ्या गाठी सारखं डीएनए सोडत नाहीत. स्क्वेमस आणि अ‍ॅडिनोकार्सिनोमा हे नॉन-स्मॉल सेलचे दोन मुख्य प्रकार. 2017 च्या ट्रेसरएक्स या ब्रिटिश अभ्यासात शस्त्रक्रियेआधी स्क्वेमस प्रकारच्या 97 टक्के रुग्णांत ते सापडलं, अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या फक्त 19 टक्क्यांत. त्यामुळे अ‍ॅडिनोकार्सिनोमाच्या रुग्णाचा अहवाल कोरा आला, तरी सीटी स्कॅनच्या ठरलेल्या तारखा पुढे ढकलायच्या नाहीत.