उंदीर मोजणाऱ्यांच्या वह्या

अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात सेव्हिलेटा नावाचं अभयारण्य आहे. तिथे रॉबर्ट पार्मेंटर आणि त्यांचे सहकारी १९८९पासून उंदीर मोजत होते. संध्याकाळी पत्र्याचे छोटे पिंजरे ठरलेल्या जागी मांडायचे, आत खाऊ टाकायचा आणि उजाडलं की एकेक उघडून बघायचा. सापडलेला उंदीर कोणत्या जातीचा, नर की मादी, वजन किती, हे लिहून घ्यायचं, खूण करायची आणि त्याला तिथेच सोडायचं. पाऊस, गवत आणि प्राणी यांचं गणित कसं जुळतं, एवढंच त्यांना शोधायचं होतं. आजारपणाशी या कामाचा काही संबंध नव्हता. तो १९९३च्या उन्हाळ्यात आला.

१४ मे रोजी त्याच राज्यातल्या गॅलपमध्ये नवाहो या अमेरिकेतल्या मूळनिवासी समाजातला एक तरुण दगावला. विशीतला, धडधाकट, पळण्याच्या शर्यतीत भाग घेणारा. होणाऱ्या बायकोच्या अंत्यविधीला जाताना वाटेतच त्याला श्वास घेता येईना. ती काही दिवसांपूर्वी तशीच गेली होती. तपास अधिकाऱ्यांनी आसपासच्या दवाखान्यांत फोन लावले, तेव्हा असेच आणखी तरुण मृत्यू पुढे आले. न्यू मेक्सिको, ॲरिझोना, युटा आणि कोलोरॅडो या चार राज्यांच्या सीमा एका ठिकाणी मिळतात, त्या ‘फोर कॉर्नर्स’ भागातली ही विखुरलेली वस्ती. शेजारचं घरसुद्धा कधीकधी मैलभर लांब.

आधी तीन-चार दिवस ताप आणि अंगदुखी, मग एकाएकी धाप. छातीच्या एक्स-रेमध्ये फुप्फुसं पांढरी दिसायची. बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागायच्या आणि रक्तातला पातळ भाग फुप्फुसांत भरायचा. पाण्याबाहेर असलेला माणूस आतून बुडत होता. त्या भागात प्लेग अधूनमधून आढळतो, म्हणून पहिला संशय प्लेगवर गेला. तो नव्हता. फ्लू नव्हता, कुठलं विषही सापडेना.

रक्ताचे नमुने अटलांटाला सीडीसी या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेत गेले. ओळखीच्या विषाणूंशी ते एकेक करून ताडून पाहिले गेले आणि जूनच्या सुरुवातीला उत्तर आलं: हंताव्हायरस. प्रयोगशाळेतल्या लोकांनाही ते खरं वाटेना. कारण हंता म्हटलं की त्यांच्या डोळ्यांपुढे कोरिया यायचा. १९५१ ते १९५३ या काळात कोरियन युद्धातल्या सुमारे तीन हजार सैनिकांना एक रक्तस्रावी ताप आला होता. त्याचा विषाणू हो वांग ली यांनी १९७६मध्ये शेतातल्या उंदरांत शोधला आणि तिथल्या हंतान नदीवरून त्याला नाव पडलं. तो रोग मूत्रपिंडाचा होता. इथे तर फुप्फुसं जात होती. शिवाय रुग्णांच्या रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढायला शरीर तयार करतं ती प्रथिनं, हंताकुळातल्या बऱ्याच विषाणूंना थोडाथोडा प्रतिसाद देत होती, पण पुरती एकालाही जुळत नव्हती. म्हणजे कूळ ओळखीचं, पण माणूस अनोळखी.

कूळ कळल्यावर उंदीर पकडणं आलं. जून ते ऑगस्टमध्ये घरांत आणि घरांभोवती सुमारे सतराशे छोटे कुरतडणारे प्राणी पकडले गेले. त्यांत सर्वांत जास्त भरला डिअर माउस. तपकिरी पाठ, पांढरंशुभ्र पोट, मोठाले कान आणि काळे टपोरे डोळे. दिसायला इतका गोंडस की त्याच्याबद्दल वाईट मनात येऊ नये. या जातीच्या साधारण तीस टक्के उंदरांच्या रक्तात संसर्गाची खूण मिळाली. उंदीर स्वतः आजारी पडत नाही. तो मुतातून, लेंड्यांतून, लाळेतून विषाणू टाकत राहतो. ते सुकतं, धुळीत मिसळतं, आणि धूळ उडाली की श्वासातून माणसाच्या आत जातं.

हे वाचलं की मला आपलं झाडणं आठवतं. महिनोन् महिने बंद असलेली खोली उघडायची आणि कोरडा झाडू मारायला लागायचं, ही आपल्याकडचीही सवय. कवडशात ती धूळ कशी नाचते, हे ज्याने पाहिलंय त्याला हा रोग कसा लागतो ते वेगळं सांगायला नको. आरोग्य खात्याने तिथल्या लोकांना सांगितलं ते असं: आधी दारं-खिडक्या उघडून खोली हवेशीर होऊ द्या, जंतुनाशकाचं पाणी मारून लेंड्या पूर्ण भिजवा, मग हातमोजे घालून पुसून घ्या. कोरडं झाडू नका. अंगणात सडा टाकून मगच झाडणाऱ्या आपल्या बायकांना यातलं निम्मं तरी आधीच ठाऊक होतं.

मला या तपासात सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. रुग्णाच्या घरात उंदीर सापडले, एवढ्याने काही सिद्ध होत नाही. खेड्यातल्या कुठल्या घरात उंदीर नसतात? म्हणून पथकांनी रुग्णाच्या घराबरोबरच शेजारच्या आणि लांबच्या निरोगी घरांतही सापळे लावले. रुग्णांच्या घरांत उंदीर खरोखरच जास्त निघाले. मग प्रश्नांची यादी घेऊन माणसांकडे जायचं. गेल्या काही आठवड्यांत काय केलं? कोठार झाडलं का? हाताने जमीन नांगरली का? उंदीर हाताळला का? कुठला संशय खरा आणि कुठला नुसता वाटणारा, हे अशा कंटाळवाण्या तुलनेतूनच कळतं.

तरी एक प्रश्न उरत होता: याच वर्षी का?

बेन मुनेटा हे स्वतः नवाहो असलेले डॉक्टर जाणत्या वैद्यांकडे जाऊन बसले. वडीलधाऱ्यांनी सांगितलं, पाऊसपाणी उदंड झालं, पिन्यॉनच्या झाडांना दाणे लगडले की उंदीर माजतात आणि मग अशी मरणं येतात. १९१८मध्ये आणि पुन्हा १९३३च्या सुमारास असंच झालं होतं. पिन्यॉनचा दाणा म्हणजे आपल्या चिलगोज्याचा भाऊबंद. उंदरांना घरात आणि अन्नाजवळ येऊ देऊ नये, कपड्यांना उंदीर लागला तर ते जाळून टाकावेत, असा त्यांचा जुना दंडक होता.

आणि सेव्हिलेटाच्या वह्या तेच आकड्यांत सांगत होत्या. एल निनोमुळे, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी तापून हवामान बदलल्यामुळे, १९९१-९२च्या हिवाळ्यात आणि पुढच्या वसंतात नेहमीपेक्षा जास्त पाऊस-बर्फ पडला होता. गवत, बिया, किडे, सगळंच वाढलं. मे १९९२ ते मे १९९३ या एका वर्षात उंदीर दहापट झाले. न्यू मेक्सिको विद्यापीठाच्या संग्रहालयात वर्षानुवर्षं गोठवून ठेवलेले उंदरांचे नमुने तपासले, तर साथीच्या आधीच्या उंदरांतही हा विषाणू निघाला. विषाणू जुनाच होता, उंदीर वाढले होते.

तोवर वर्तमानपत्रांनी ‘नवाहो फ्लू’ असं नाव पाडून ठेवलं होतं. रुग्णांत बिगर-नवाहोही होते, पण शिक्का एकाच समाजावर बसला. उपाहारगृहांत त्यांना वाढताना हातमोजे घातले गेले. कॅलिफोर्नियातल्या एका शाळेने नवाहो मुलांना दिलेलं भेटीचं आमंत्रण मागे घेतलं. नवाहो रिवाजात मृत्यूनंतर चार दिवस गेलेल्या माणसाबद्दल बोलत नाहीत, आणि नेमक्या त्याच दिवसांत बातमीदार दारात उभे. याचा मला मनापासून राग येतो, कारण दार बंद झालं की तपासही तिथेच थांबतो. पुढे विषाणूला जागेचं नाव देण्याला स्थानिकांनी विरोध केला. शेवटी नाव ठरलं ‘सिन नोम्ब्रे’. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ बिननावाचा.

हा विषाणू माणसाकडून माणसाला लागत नाही. त्याचा अर्जेंटिनातला भाऊ ‘अँडीज’ मात्र लागतो. २०१८च्या अखेरीस एपुयेन गावात तापात असलेला एक माणूस वाढदिवसाच्या समारंभाला गेला आणि पुढच्या काही महिन्यांत ३४ जण आजारी पडले, ११ गेले.

धान्य आणि उंदीर यांचं नातं आपल्या मातीतही तसंच आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या किल्लारी भूकंपानंतर मराठवाड्यातली बरीच कुटुंबं जुनी घरं सोडून शेडमध्ये राहू लागली, धान्य मागे राहिलं. वर्षभराने बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीच्या प्लेगची साथ आली, तेव्हा रिकाम्या घरांतल्या त्या धान्यावर उंदीर वाढले असावेत, असं कारण सांगितलं गेलं. प्लेगचा जंतू विषाणू नव्हे आणि तो पिसवांतून येतो, पण सुरुवात इथेही कणगीपासूनच होते.

आणि चिचुंद्री. १९६४मध्ये वेल्लोरला जपानी मेंदूज्वराचं सर्वेक्षण चाललं होतं. त्यात पकडलेल्या एका चिचुंद्रीतून एक विषाणू वेगळा केला गेला आणि थोट्टापलायम असं नाव देऊन ठेवला गेला. हंतानचा विषाणू सापडायला तेव्हा अजून बारा वर्षं होती, त्यामुळे हा कोणत्या कुळातला हे कळायला मार्गच नव्हता. चिचुंद्री काही उंदीर नव्हे, कुरतडणाऱ्यांतलीही नव्हे. पुढे तपासणी झाली तेव्हा तो हंताव्हायरस निघाला. ओळख पटली, कारण कुणीतरी तो टाकून न देता जपून ठेवला होता.