ब्राउझरमध्ये बंद केलेली सोय पुन्हा चालू का होते?

साइडबारमधला एआय चॅटबॉट, नव्या टॅबवरच्या शिफारशी, न विचारता पुढची पानं आणून ठेवणं. यातलं काही बंद करावं आणि अपडेटनंतर ते पुन्हा हजर व्हावं, असं अनेकदा होतं. कंपनी मुद्दाम आपली सेटिंग्ज पुसते, असा समज त्यातूनच रुजला. बहुतेक वेळा काहीच पुसलेलं नसतं. फायरफॉक्सची यंत्रणा कुणालाही उघडून पाहता येते, म्हणून तिच्यावरूनच हे समजून घेऊ.

पत्त्याच्या पट्टीत 'अबाउट', कोलन, 'कॉन्फिग' हे रोमन लिपीत सलग लिहून एंटर दाबलं, धोक्याची सूचना स्वीकारली आणि सगळं दाखवण्याचा पर्याय निवडला की हजारो सेटिंग्जची यादी उघडते. प्रत्येक सेटिंगचं मूल्य थरांतून ठरतं. सर्वांत खाली डिफॉल्ट, म्हणजे कंपनीने आधीच ठरवलेली मूल्यं. ती ब्राउझरसोबत येतात आणि अपडेटमध्ये बदलू शकतात. त्यावर आपला थर: प्रोफाइल फोल्डरमधली, म्हणजे ब्राउझर आपली माहिती ठेवतो त्या फोल्डरमधली, 'प्रेफ्स डॉट जेएस' ही फाइल. या फाइलमध्ये डिफॉल्टपेक्षा वेगळी असलेली मूल्यंच साठवली जातात. सगळी गंमत इथेच आहे.

समजा, एखादी सोय डिफॉल्टनेच बंद आहे. तुम्ही ती चालू करून पाहिली, आवडली नाही, पुन्हा बंद केली. तुमच्या लेखी हा ठाम निर्णय. फाइलमध्ये मात्र त्याची एकही ओळ उरत नाही, कारण तुमचं मूल्य आणि डिफॉल्ट आता एकच आहेत. पुढच्या आवृत्तीत डिफॉल्ट 'चालू' झालं की सोय सुरू होते. तुमचा नकार कुठे नोंदलेलाच नव्हता!

दुसरं कारण नामांतर. 2015 मध्ये फायरफॉक्समध्ये आलेल्या पॉकेटच्या (लेख नंतर वाचायला साठवण्याची सोय) सेटिंगचं नाव आधी 'ब्राउझर'ने सुरू होई, नंतर ते 'एक्स्टेन्शन्स'ने सुरू होऊ लागलं. असं नाव बदलताना जुनं मूल्य नव्या नावावर नेण्यासाठी वेगळा कोड लिहावा लागतो. तो लिहिला नसेल, तर तुमची ओळ फाइलमध्ये तशीच राहते, पण तिला विचारणारं कुणी नसतं.

दोन्हींपैकी पहिल्या अडचणीवर पक्का उपाय म्हणजे 'युजर डॉट जेएस'. 'अबाउट सपोर्ट' पानावरून प्रोफाइल फोल्डर उघडा आणि त्यात या नावाची साधी टेक्स्ट फाइल बनवून सेटिंगचं नाव आणि हवं ते मूल्य लिहा. ब्राउझर दर वेळी सुरू होताना ती 'प्रेफ्स'नंतर वाचतो, त्यामुळे डिफॉल्ट काहीही झालं तरी तुमचं मूल्य पुन्हा लागू होतं. थेट 'प्रेफ्स'मध्ये लिहू नका. ब्राउझर चालू असताना केलेले बदल तो बंद होताना पुसले जातात.

चुका कुठे होतात? मूल्यांचे प्रकार तीन: हो-नाही, पूर्णांक आणि मजकूर. 'फॉल्स' (म्हणजे 'नाही') अवतरणचिन्हांत लिहिलं की तो मजकूर झाला. डिफॉल्टचा प्रकार जुळत नाही आणि ओळ नाकारली जाते. क्लिक करण्याआधीच संकेतस्थळांशी आगाऊ जोडण्या उघडण्याच्या मर्यादेची सेटिंग पूर्णांकाची आहे, तिथे 'फॉल्स' नव्हे, 0 लिहायचा. यादीत नाव टाइप करताना एक अक्षर चुकलं, तर फायरफॉक्स त्याच नावाची नवी सेटिंग बनवू देतो, जिचा कशाशीच संबंध नसतो. आणि 'युजर'मधली ओळ खोडून जुनं मूल्य परत येत नाही. ते 'प्रेफ्स'मध्ये उतरलेलं असतं. यादीत त्या ओळीसमोरचं रीसेट बटण दाबावं लागतं.

सर्वांत वरचा थर धोरणांचा, म्हणजे 'पॉलिसी'चा: संस्था आपल्या संगणकांवरच्या ब्राउझरला घालून देतात ते नियम. इन्स्टॉलेशन फोल्डरमध्ये 'डिस्ट्रिब्युशन' नावाचा फोल्डर करून त्यात 'पॉलिसीज डॉट जेसन' ठेवली, तर सेटिंगला कुलूपच लागतं. पण शेवटी एक स्वल्पविराम जास्त पडला, तरी अख्खी फाइल बाद होते. 'अबाउट पॉलिसीज' पानावर चूक दिसते.

क्रोममध्ये 'फ्लॅग्ज' पानावर विसंबू नका. ते प्रयोगांचे तात्पुरते स्विच आहेत, काही आवृत्त्यांनंतर नाहीसे होतात. तिथेही टिकते ती पॉलिसी. विंडोजवर ती रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात लिहितात. मग 'तुमची संस्था हा ब्राउझर व्यवस्थापित करते' अशा अर्थाची सूचना येते, ती त्या नोंदीमुळेच. तुम्ही काहीच न करता ती दिसली, तर मात्र क्रोमचं 'पॉलिसी' पान उघडून नोंद कुठून आली ते शोधा.

'ब्राउझर दुप्पट वेगवान' करणाऱ्या शेकडो ओळींच्या तयार याद्या फिरत असतात, त्या डोळे मिटून चिकटवू नका. त्यांत हमखास दिसणारं एचटीटीपी पाइपलायनिंग (उत्तराची वाट न पाहता एकाच जोडणीवर अनेक मागण्या पाठवणं) फायरफॉक्स 54 मध्ये काढून टाकलं गेलं. ती ओळ लिहिणं आता नुसता शब्दांचा गंडा बांधणं आहे. काही ओळी खरोखर काम करतात आणि तिथेच घोटाळा होतो: वेबआरटीसी (ब्राउझरमधून थेट आवाज-चित्र पाठवणारं तंत्र) बंद केलं की ब्राउझरमधले व्हिडिओ कॉल बंद पडतात, 'ठशांपासून', म्हणजे ब्राउझरच्या वैशिष्ट्यांवरून तुम्हाला ओळखण्यापासून, संरक्षण देणारी सेटिंग चालू केली की संकेतस्थळांना तुमची वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेनुसार कळते आणि भेटींच्या वेळा चुकीच्या दिसतात. अशी यादी आधीच चिकटवली असेल, तर कॉन्फिग पानावर 'फक्त बदललेल्या सेटिंग्ज दाखवा' हा पर्याय निवडा आणि ओळखू न येणारी एकेक ओळ रीसेट करत जा. त्याआधी 'युजर'मधली तीच ओळ खोडा, नाहीतर पुढच्या वेळी ती परत येईल.