उद्योजकतेत एमबीए: बेळगाव सीमाभागातून अर्ज कसा करायचा, पात्रता काय, कागदं कुठली

डिग्री संपत आली की बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातल्या मुलांकडून हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. घरचा धंदा वाढवायचाय किंवा स्वतःचं काही नवं काढायचंय, मग उद्योजकता आणि नवोपक्रम या विषयातच पुढचं शिक्षण घेता येतं का? घेता येतं. पण आपल्या भागातल्या मुलांपुढे कोर्स निवडण्याआधी दुसराच प्रश्न असतो: अर्ज कर्नाटकातून करायचा, महाराष्ट्रातून, की देशपातळीवर? प्रत्येक ठिकाणी परीक्षा वेगळी, आणि परीक्षेपेक्षाही कागदं वेगळी. ज्या कागदाला एका बाजूला किंमत आहे त्याला दुसऱ्या बाजूला कुणी विचारत नाही. म्हणून आधी रस्ता ठरवा, मग फॉर्म भरा.

कोर्स नेमका कुठला

मच्छेला मुख्यालय असलेलं विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ (व्हीटीयू) आणि २०१० मध्ये स्थापन झालेलं राणी चन्नम्मा विद्यापीठ, या दोन्हींच्या छत्राखाली बेळगावात एमबीए करता येतं. बहुतेक कॉलेजांत स्पेशलायझेशन मार्केटिंग, फायनान्स आणि एचआरचं असतं, उद्योजकता हा एखाददुसरा पेपर असतो. म्हणून हे एमबीए कमी प्रतीचं ठरत नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत घरचं युनिट असेल तर दोन वर्षं घराजवळ राहून फायनान्स शिकणं हाही शहाणपणाचाच निर्णय आहे.

संपूर्ण कोर्सच या विषयाचा हवा असेल तर एआयसीटीई (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद) आणि शिक्षण मंत्रालयाच्या इनोव्हेशन सेलने पुढे आणलेला 'इनोव्हेशन, आंत्रप्रेन्योरशिप अँड व्हेंचर डेव्हलपमेंट' हा दोन वर्षांचा कोर्स बघा. काही संस्था तो एमबीए म्हणून देतात, काही पीजीडीएम म्हणून. अहमदाबादजवळच्या भाट इथली आंत्रप्रेन्योरशिप डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया (ईडीआयआय) ही १९८३ पासून फक्त याच विषयाला वाहिलेली संस्था, तिथे पीजीडीएम मिळतो.

एमबीए ही विद्यापीठाची पदवी, पीजीडीएम हा स्वायत्त संस्थेचा डिप्लोमा. धंदाच करायचा असेल तर काही फरक पडत नाही. पण पुढे पीएचडी किंवा प्राध्यापकी डोक्यात असेल तर त्या पीजीडीएमला असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीजची समकक्षता आहे का, ते प्रवेशाआधी विचारा. ते एकदा कळलं की कोर्सच्या नावात फार अडकू नका. अभ्यासक्रमाचा कागद मागवा आणि स्वतःचा उद्योग उभा करण्याच्या कामाला किती क्रेडिट आहेत, संस्थेचं इनक्युबेशन सेंटर (नव्या उद्योगांना जागा आणि मार्गदर्शन देणारं केंद्र) चालू आहे की नुसती पाटी आहे, एवढं पाहा.

पात्रता

कुठल्याही शाखेची किमान तीन वर्षांची मान्यताप्राप्त पदवी आणि ५० टक्के गुण. बीए, बीकॉम, बीएस्सी, बीई, सगळे चालतात. शेवटच्या वर्षाला असलेल्यांनाही अर्ज करता येतो, निकाल प्रवेशाच्या वेळी दाखवायचा.

राखीव प्रवर्गांना ४५ टक्के, हे अर्धंच खरं आहे. कर्नाटकात ही सवलत अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि मागासवर्गीयांतल्या प्रवर्ग-१ यांनाच आहे. २ए, २बी, ३ए, ३बी या बाकीच्या मागास प्रवर्गांना ५० टक्के लागतातच. कर्नाटकात मराठा समाज ३बी मध्ये येतो, त्यामुळे आपल्याकडच्या पुष्कळ मुलांना ४५ ची सवलत नाही. ४९.८ ला कुणी पन्नास धरेल या भरवशावर राहू नका. निकाल सीजीपीएत असेल तर टक्केवारीत रूपांतर केल्याचं पत्र विद्यापीठाकडून आत्ताच घ्या, जुलैत तिथे रांग लागते.

पहिला रस्ता: कर्नाटक पीजीसीईटी

पीजीसीईटी ही कर्नाटकची पदव्युत्तर प्रवेश परीक्षा. ती बंगळूरचं कर्नाटक परीक्षा प्राधिकरण (केईए) घेतं. एमबीएचा पेपर १०० प्रश्नांचा, १०० गुणांचा, दोन तासांचा, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. इंग्रजी, तर्क, गणित, सामान्य ज्ञान एवढाच मामला. अर्ज केईएच्या संकेतस्थळावर भरायचा. नोंदणी, फोटो-सही अपलोड, फी, हॉल तिकीट, रँक, कागदपत्रांची पडताळणी, मग कॉलेजांचा पसंतीक्रम आणि जागावाटप. पसंतीक्रम देताना हात आखडू नका. वाटपानंतर जागा घेऊन थांबायचं की पुढच्या फेरीत चांगल्या कॉलेजची वाट बघायची, हे मुदतीत ऑनलाइन कळवावं लागतं. नाही कळवलं तर हातातली जागाही जाऊ शकते.

खरी मेख 'सात वर्षां'ची आहे. सरकारी कोट्यातल्या जागेसाठी तुमचं किमान सात शैक्षणिक वर्षांचं शिक्षण कर्नाटकातल्या मान्य संस्थांत झालेलं असावं लागतं, आणि त्याचा अभ्यास दाखला लागतो. शाळेच्या वर्षांच्या दाखल्यावर गटशिक्षणाधिकाऱ्यांची, म्हणजे बीईओंची प्रतिस्वाक्षरी लागते. बेळगावात राहून सगळं शिक्षण इथेच झालेल्याला ही औपचारिकता वाटेल. पण सीमेवरच्या गावांत मामाच्या गावी राहून चंदगड, गडहिंग्लज किंवा कागलला शाळा केलेली मुलं कमी नाहीत. अशांची कर्नाटकातली वर्षं मोजली तर पाच-सहाच भरतात. मग पालकांच्या शिक्षणावर किंवा नोकरीवर आधारलेली इतर कलमं आपल्याला लागू होतात का, ते माहितीपुस्तिकेत शोधावं लागतं. वर्षं मोजण्याचं काम फॉर्म भरण्याआधी करा, पडताळणीच्या खिडकीवर नको.

पहिली ते दहावी सगळी दहा वर्षं खेड्यातल्या शाळेत झाली असतील तर ग्रामीण कोट्याचा दाखला घ्या. हा कोटा माध्यम बघत नाही, म्हणून मराठी शाळेतल्या मुलांनाही तो मिळतो, आणि तरी कित्येकजण मागतच नाहीत. कन्नड माध्यमाचा कोटा मात्र मराठी माध्यमवाल्यांना नाही, तो रकाना चुकूनही भरू नका. भालकी-बिदरकडच्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट: तुमचा जिल्हा कल्याण कर्नाटकात येतो, त्यामुळे राज्यघटनेच्या कलम ३७१ (जे) खालचा पात्रता दाखला असिस्टंट कमिशनरांच्या कार्यालयातून काढून ठेवा. बेळगाव आणि कारवारला ही सोय नाही.

जात-उत्पन्नाचा दाखला नाडकचेरीतून, म्हणजे कर्नाटकच्या स्थानिक महसूल कार्यालयातून मिळतो. अनुसूचित जाती-जमातींसाठी नमुना डी, प्रवर्ग-१ साठी ई, २ए ते ३बी साठी एफ. दाखल्यावरचा आरडी नंबर ऑनलाइन अर्जात टाकावा लागतो आणि तो यंत्रणेत तपासला जातो, तेव्हा जुना हाताने लिहिलेला दाखला कपाटातच राहू द्या.

दुसरा रस्ता: महाराष्ट्र सीईटी आणि सीमाभागाची पात्रता

याबद्दल आपल्याकडे ऐकीव माहिती फार. महाराष्ट्रात एमबीएसाठी राज्य सीईटी कक्ष एमएएच-एमबीए सीईटी घेतो: संगणकावर, २०० प्रश्न, १५० मिनिटं, चुकीच्या उत्तराला गुण कापणं नाही. तर्काचे ७५, ॲबस्ट्रॅक्ट रीझनिंगचे २५, गणिताचे ५०, इंग्रजीचे ५०. पीजीसीईटीच्या तुलनेत वेळेची ओढाताण जास्त आहे, घड्याळ लावून सराव केला नाही तर शेवटचे चाळीस प्रश्न राहतात.

परीक्षा कुणीही देऊ शकतो. मुद्दा त्यानंतरच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, म्हणजे कॅपमध्ये येतो. तिथे उमेदवारांचे प्रकार पाडलेले असतात. महाराष्ट्राच्या उमेदवारांचे ए ते ई असे प्रकार आहेत, त्यातला 'ई' हा वादग्रस्त महाराष्ट्र-कर्नाटक सीमाभागातल्या उमेदवारांचा. दोन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: शिक्षण सीमाभागातल्या मान्य संस्थेतून झालंय, आणि मातृभाषा मराठी आहे. दोन्हींचे दाखले माहितीपुस्तिकेत दिलेल्या नमुन्यातच आणावे लागतात. साध्या लेटरहेडवरचं पत्र चालत नाही. हे कागद मुदतीत अपलोड झाले नाहीत तर तुम्ही महाराष्ट्राबाहेरचे उमेदवार ठरता, आणि मग देशभरातल्या मुलांबरोबर मोजक्या अखिल भारतीय जागांसाठी उभं राहावं लागतं. सीईटीत चांगले गुण मिळवूनही इथे मागे पडणं, यासारखी चुटपुट नाही.

मातृभाषेचा दाखला शाळेच्या नोंदीवरून मिळतो. मराठी शाळेत शिकलेल्यांना अडचण येत नाही. इंग्रजी किंवा कन्नड माध्यमात शिकलेल्या मराठी घरातल्या मुलांनी शाळेत जाऊन प्रवेशाच्या रजिस्टरमध्ये मातृभाषेच्या रकान्यात काय लिहिलंय ते आधी बघावं. तिथे भलतंच काही असलं तर दुरुस्तीला वेळ लागतो, मुख्याध्यापक एका दिवसात ते बदलू शकत नाहीत.

सीमाभाग म्हणजे अख्खा बेळगाव जिल्हा नव्हे. महाराष्ट्राच्या दाव्यात ८६५ गावं आहेत. बेळगाव शहर, खानापूर, निपाणी, कारवार, भालकी ही नावं सर्वांच्या तोंडी आहेत, पण बैलहोंगल-सौंदत्तीकडच्याने हा रकाना भरून उपयोग नाही. आपलं गाव यादीत आहे का, ते पाहूनच पुढे जा.

कर्नाटकच्या जातीच्या दाखल्यावर महाराष्ट्रात आरक्षण मिळेल असं गृहीत धरू नका. राज्याच्या याद्या त्या-त्या राज्यापुरत्या असतात. तुमचं ३बी किंवा २ए शिनोळीच्या पलीकडे लागू होत नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने सीमाभागातल्या विद्यार्थ्यांसाठी सवलती जाहीर केल्या आहेत. त्या विद्यापीठाच्या विभागांत प्रवेश घेत असाल तर प्रवेश विभागात 'सीमाभाग' हा शब्द उच्चारूनच चौकशी करा, आपणहून कुणी सांगत नाही. राणी चन्नम्मा किंवा व्हीटीयूची पदवी घेऊन महाराष्ट्रात जाताना मायग्रेशन सर्टिफिकेट लागतं, तेही विसरू नका.

तिसरा रस्ता: देशपातळीवर

कॅट, झॅट, सीमॅट, मॅट या परीक्षांचे गुण घेऊन देशभर अर्ज करता येतो. कॅटची नोंदणी ऑगस्ट-सप्टेंबरात आणि परीक्षा नोव्हेंबरअखेरीस, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीलाच हालचाल हवी. इथे राज्याचं प्रमाणपत्र कामाचं नाही. ओबीसीसाठी केंद्राच्या यादीवर आधारलेला, केंद्राच्या नमुन्यातला नॉन-क्रीमी लेयर दाखला लागतो. केंद्राच्या यादीत नसलेल्या आणि कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असलेल्यांनी ईडब्ल्यूएसचे (आर्थिक दुर्बल घटकांच्या आरक्षणाचे) निकष तपासावेत, त्यात जमीन आणि घराच्याही मर्यादा आहेत. नाडकचेरीत अर्ज करताना केंद्रासाठीचा, इंग्रजीतला दाखला हवाय असं स्पष्ट सांगा, नाहीतर कन्नडमधला राज्याचा दाखला हातात पडतो.

उद्योजकतेच्या कोर्सना लेखी गुणांइतकंच वजन मुलाखतीला आणि उद्देशपत्राला असतं. इथे आपल्या भागातली मुलं उगाच मागे पडतात, कारण ती ॲप आणि डिलिव्हरीच्या वाचलेल्या गोष्टी सांगतात. अहो, तुमच्या दारात उद्यमबागेतल्या फाउंड्र्या आहेत. वापरलेल्या वाळूचं पुढे काय करायचं, विजेचं बिल कसं आवरायचं, हे तिथले रोजचे प्रश्न आहेत. वडगाव-शहापूरच्या मागावरची साडी आहे, निपाणीत तंबाखूवर जगणारी घरं आहेत, त्यांना दुसरं पीक आणि दुसरा रोजगार हवाय. बेळगावचा कुंदा परगावी टिकवून पाठवायचा कसा, हासुद्धा पॅकेजिंगचा पुरा प्रश्न आहे. यातला एक प्रश्न घ्या. तो कुणाला सतावतो, त्यांच्याशी तुम्ही काय बोललात, आज ते काय खर्च करतात, हे एका पानात लिहा. 'मला लहानपणापासून बिझनेसची आवड' या वाक्याने पान सुरू केलंत तर मुलाखत घेणाऱ्याने तसली शेकडो पानं वाचलेली असतात.

नावं जुळवा

तिन्ही रस्त्यांवर सगळ्यात जास्त अर्ज अडतात ते नावात. एसएसएलसीच्या (दहावीच्या) मार्क्स कार्डावर आडनाव शेवटी, पीयूसीवर (बारावीवर) नुसती इनिशियल्स, आधारवर वडिलांचं नाव मध्ये. कन्नडमधून इंग्रजीत येताना पाटीलचं स्पेलिंग दोन तऱ्हांनी झालेलं. एसएसएलसीचं नाव प्रमाण धरा आणि आधार त्याप्रमाणे करून घ्या. आधार बदलणं मार्क्स कार्ड बदलण्यापेक्षा सोपं आहे. जुन्या कागदावर 'बेलगाम' आणि नव्यावर 'बेळगावी' असेल तर घाबरू नका, जिल्ह्याचं अधिकृत नाव २०१४ मध्ये बदललंय हे सगळ्यांना ठाऊक आहे. एसएसएलसी, पीयूसी, पदवीच्या सगळ्या सेमिस्टरची मार्क्स कार्डं, पदवी किंवा प्रोव्हिजनल, टीसी यांच्या मूळ प्रती आणि दोन-तीन संच झेरॉक्स एका फायलीत ठेवा. कॉलेज मूळ कागद ठेवून घेत असेल तर पोचपावती मागा.

पैसे

शैक्षणिक कर्जाला साधारण साडेसात लाखांपर्यंत तारण मागितलं जात नाही, सरकारी हमी योजना त्यासाठीच आहे. निवडक दर्जेदार संस्थांसाठी २०२४ ची पीएम-विद्यालक्ष्मी योजना आहे. त्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत मिळू शकते, मात्र तुमची संस्था त्या यादीत हवी. कर्नाटकातल्या शिष्यवृत्त्यांचे अर्ज एसएसपी या राज्य शिष्यवृत्ती पोर्टलवर होतात. मराठा समाजासाठी कर्नाटक सरकारचं स्वतंत्र विकास निगमही आहे, त्याच्या योजना दरवर्षी जाहीर होतात तेव्हा मुदत थोडी असते, म्हणून जात-उत्पन्नाचा दाखला चालू स्थितीत ठेवा. बँकेत जाताना प्रवेशपत्र आणि संस्थेचा फी तक्ता सोबत न्या. जागा मिळाल्याचा मेसेज मोबाइलवर दाखवून कर्जाचा अर्ज पुढे सरकत नाही.