पलटणीचा पाद्री: एका शब्दाचा गुंता

बेळगावच्या कॅम्पात 'पाद्री' म्हटलं की दोन माणसं डोळ्यांपुढे येतात. एक चर्चमधले फादर, दुसरा पलटणीचा. या दुसऱ्याविषयीच गैरसमज जास्त.

शब्द पोर्तुगिजांचा, पण कंपनी सरकारने तो सगळ्याच ख्रिस्ती धर्मगुरूंना चिकटवला. पगारी चॅप्लन, म्हणजे सैन्यातले धर्मगुरू, असत ते अँग्लिकन नाही तर स्कॉटिश चर्चचे. गोऱ्या पलटणींत आयरिश कॅथलिक शिपायांचा भरणा असूनही त्यांच्या फादरांची बोळवण भत्त्यावर होई. विलायती सैन्यात कॅथलिक चॅप्लनला कमिशन, म्हणजे अधिकाऱ्याचा दर्जा, मिळालं १८५८ साली. त्यात इथे गोव्याचा हक्क की रोमचा, हा पाद्रोआदोचा, म्हणजे पोर्तुगीज राजाला इथल्या चर्चवर मिळालेल्या हक्काचा, जुना तंटा. तो १९५० मध्ये मिटला आणि १९५३ मध्ये बेळगावचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला.

खरा गुंता आजच्या हुद्द्याचा. आपल्या लष्करात पंडित, मौलवी, ग्रंथी आणि पाद्री हे एकाच वर्गातले धर्मशिक्षक. भरती नायब सुभेदार म्हणून, म्हणजे कनिष्ठ कमिशन, पूर्ण अधिकाऱ्याचं नाही. सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात, वर्षानुवर्षं तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र शिकलेल्या माणसाने काल आलेल्या लेफ्टनंटला 'साहेब' म्हणायचं. माझ्या मते हे खटकणारंच आहे. पण पंडितजींनाही तोच हुद्दा, तेव्हा एकट्या पाद्रीवर अन्याय झाला असंही म्हणता येत नाही.

कॅथलिकांपुढे आणखी एक पेच. हुकूम कमांडिंग ऑफिसरचा, पण मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, करण्याची परवानगी बिशपांची. भरतीच्या वेळीही स्थानिक बिशपांच्या मान्य यादीत नाव लागतं. सैन्यासाठी वेगळे बिशप देण्याची व्यवस्था रोमने १९८६ मध्ये नव्याने बांधून दिली, पण भारतात तसा लष्करी धर्मप्रांत नाही. म्हणून बदली झाली की तिथल्या बिशपांचं दार पुन्हा ठोठावावं लागतं.

काम मात्र तेच जुनं: दफनविधी, लष्करी इस्पितळात आजाऱ्याच्या उशाशी प्रार्थना, शिक्षा भोगणाऱ्या जवानाची भेट, मुलांना धर्मशिक्षण. सुरुवातीचं प्रशिक्षण पुण्यात. मराठा पलटणींचं केंद्र १९२२ पासून बेळगावात असलं, तरी त्यांत बहुतेक हिंदू जवान, म्हणून तिथे मान मंदिरातल्या पंडितजींचा. खानापूरकडचा एखादा फादर पाद्री म्हणून भरती झालाच, तर त्याची गाठ ख्रिस्ती जवान असलेल्या नागा, आसाम नाही तर मद्रास पलटणींशी पडण्याचा संभव अधिक. घरची कोकणी-मराठी मागे राहते आणि प्रवचन हिंदीत जुळवावं लागतं.