गोव्यात मृत्युपत्र अर्ध्यावरच का थांबते

समजा, फोंड्यातल्या एका गृहस्थाच्या मनात आले की घर, कुळागर (सुपारी-मसाल्याची बाग) आणि बँकेतल्या ठेवी असे सगळे धाकट्या मुलाच्या नावे करून टाकावे. मुंबईत हाच विचार करणारा माणूस स्वकष्टार्जित मालमत्तेबाबत वकिलाकडून मृत्युपत्र लिहून घेतो, व्यवस्थापक नेमतो, आणि त्याच्या पश्चात तो व्यवस्थापक प्रोबेटसाठी, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला मिळवण्यासाठी, हायकोर्टात जाऊ शकतो. फोंड्यातल्या गृहस्थाला ही वाट मोकळी नाही. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल, तर घरादारातला अर्धा वाटा मुळातच पत्नीचा असतो. उरलेल्या अर्ध्यातला अर्धा कायद्याने सर्व मुलांसाठी, मुलगा-मुलगी असा भेद न करता, राखून ठेवलेला असतो. म्हणजे त्याच्या इच्छेने देता येतो तो एकूण मालमत्तेचा चौथा भाग. शिवाय सामाईक मालमत्तेतली अमुक एक वस्तू, उदाहरणार्थ ते कुळागरच, परस्पर कुणाला लिहून देणेही सहसा चालत नाही.

हे बंधन आले कुठून, हे कळायला बरेच मागे जावे लागते.

१६ सप्टेंबर १५२६ रोजी पोर्तुगीज महसूल अधिकारी अफोन्सो मेशिया याच्या सनदेत तिसवाडीतल्या गावकऱ्यांच्या चालीरीती पहिल्यांदा पोर्तुगीजांनी लेखी नोंदवल्या. त्यातली वारसाहक्काची कलमे आज वाचताना अस्वस्थ करतात. वारसा मुलांना, मुलींना काही नाही. मुलगा नसलेल्याची मालमत्ता राजाकडे जमा. पुढे १५५९ च्या सुमारास पोर्तुगालच्या दरबारातून हुकूम सुटले. धर्मांतर केलेल्या स्त्रियांना वारसा मिळू लागला आणि आईबाप गमावलेली हिंदू मुले बाप्तिस्म्यासाठी ताब्यात घेतली जाऊ लागली. मुलीला वाटा मिळण्याची सुरुवात गोव्यात अशी झाली. तो तिचा हक्क म्हणून आला नव्हता, धर्मांतराची किंमत म्हणून आला होता. आजच्या समान हक्कांचे कौतुक करताना हा भाग गाळला जातो, आणि तो गाळू नये असे मला वाटते.

जुन्या काबिजादीत, म्हणजे तिसवाडी, बार्देश आणि साष्टीत, पोर्तुगालचा राजकायदा लागू झाला. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांच्या ताब्यात आलेल्या पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, काणकोण या नव्या काबिजादीत मात्र लोकांच्या रूढी राखण्याचे आश्वासन होते. त्या रूढींची संहिता १८५३ साली निघाली.

मोठा बदल १८६७ चा. त्याआधी पोर्तुगालमध्ये जमीनदारी घराण्यांची मालमत्ता अखंड राहावी म्हणून ती थोरल्या मुलाकडे जाण्याची सोय होती. ती १८६३ साली रद्द झाली. चारच वर्षांनी आंतोनियु लुईश द सेआब्रा यांनी रचलेली नागरी संहिता आली. मागचा विचार सरळ होता: बापाच्या लहरीवर लेकरांचे भवितव्य लटकू नये आणि संपत्ती एका हातात साचू नये. नोव्हेंबर १८६९ च्या फर्मानाने ती समुद्रापारच्या प्रांतांना लावली आणि १ जुलै १८७० पासून ती गोव्यात अमलात आली. तेव्हा राखीव हिस्सा दोन तृतीयांश होता. पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आल्यावर ३१ ऑक्टोबर १९१० च्या फर्मानाने तो निम्म्यावर आला आणि तोच आजवर टिकला.

हिंदूंसाठी १६ डिसेंबर १८८० चे स्वतंत्र फर्मान निघाले. दत्तक, एकत्र कुटुंब आणि अपत्य किंवा मुलगा नसल्यास पत्नीच्या ठरावीक वयानंतर दुसरे लग्न अशा काही रूढी त्याने जपल्या. पण पत्नीचा अर्धा वाटा आणि मुलांचा राखीव हिस्सा हा संहितेचा कणा हिंदू घरांतही शिरला. केरीतल्या हिंदू विधवेला आणि मडगावातल्या ख्रिस्ती विधवेला एकच कायदा लागू झाला, तो असा.

आता मृत्यूनंतरच्या कामाकडे वळू, कारण गोव्याचे वेगळेपण तिथे जास्त दिसते. मृत्युपत्र इथे नोटरीपुढे, साक्षीदारांसमक्ष, नोटरीच्या वहीत लिहिले जाते किंवा लखोट्यात बंद करून त्याच्याकडून मान्य करून घेतले जाते. अस्सलपणाची खात्री माणूस हयात असतानाच होते, म्हणून मागाहून प्रोबेट मिळवण्याची पायरी इथे रुजली नाही. वारस कोण, हे नोटरीपुढच्या वारसा-दस्ताने ठरते. वर्तमानपत्रांत येणाऱ्या त्या बारीक टायपातल्या नोटिसा त्याच्याच. पण या दस्ताने फक्त वारसांची नावे ठरतात, वाटणी होत नाही. कित्येक घरे दस्त हातात आला की काम संपले असे समजून थांबतात आणि पुढच्या पिढीला अडकवतात.

वाटणी होते ती दिवाणी न्यायालयातल्या इन्व्हेंटरीत, म्हणजे मालमत्तेची यादी करून ती वाटण्याच्या कार्यवाहीत. तिथे मध्यवर्ती माणूस असतो कुटुंबप्रमुख, जुन्या भाषेत काबेसा-द-काझाल. हा मान सहसा मागे राहिलेल्या जोडीदाराचा आणि तो नसेल तर वारसांपैकी एकाचा. 'मान' म्हटले तरी ते ओझेच आहे. शपथेवर सगळ्या वारसांची नावे सांगायची, मृताचे घर, शेत, सोने, ठेवी आणि देणी यांची यादी द्यायची, हयातीत कुठल्या मुलाला काय दिले होते तेही मांडायचे, कारण ती भेट त्याच्या वाट्यात धरली जाते. वाटणी होईपर्यंत मालमत्ता सांभाळायची, भाडे-उत्पन्नाचा हिशेब ठेवायचा. एखादी वस्तू मुद्दाम लपवली तर तिच्यावरचा स्वतःचाच हक्क गमावण्याची शिक्षा आहे. देणी आधी भागवायची. यादी झालेल्या वारशात मृताचे कर्ज वारसांच्या खिशातून जात नाही, मालमत्तेपुरतेच मर्यादित राहते. अल्पवयीन मुले असतील तर जुन्या कायद्यात इन्व्हेंटरी सक्तीचीच होती, आणि त्यामागे पोरक्या मुलांची मालमत्ता काकामामांनी गिळू नये ही काळजी होती.

मग वारसांची बैठक बसते. एकमत झाले तर उत्तम. नाही झाले तर वारस आपसांतच बोली लावतात. ज्याची बोली चढी त्याला ते घर किंवा शेत, आणि वाट्याहून जास्त झालेली रक्कम त्याने इतरांना रोख चुकवायची. मालमत्तेचे तुकडे होत नाहीत आणि कुणाचा वाटाही बुडत नाही, ही या पद्धतीची ताकद. पण आखातात कमावणाऱ्या भावापुढे घर सांभाळून गावात राहिलेली बहीण बोलीत टिकत नाही. तिला पैसे मिळतात, उंबरठा सुटतो. पोर्तुगीज अमदानीपासून हे असेच चालत आले आहे आणि यावर कुणी नीट विचार केलेला दिसत नाही.

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. १९६२ च्या प्रशासन कायद्याच्या पाचव्या कलमाने जुने कायदे, ते बदलले जाईपर्यंत, चालू ठेवले. पोर्तुगालने १९६६ मध्ये नवी नागरी संहिता आणली, १९७७ मध्ये तिथल्या विधवा-विधुरांना वारसांच्या पहिल्या रांगेत बसवले. गोव्यात मात्र १८६७ चीच संहिता राहिली. वकिलांच्या नव्या पिढ्यांना पोर्तुगीज येईना, अनुवादांवर भिस्त ठेवावी लागे. अखेर गोव्याच्या विधानसभेने वारसा, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी यांचा एकत्रित कायदा केला. त्याच्या नावात २०१२ असले तरी तो अमलात आला २२ डिसेंबर २०१६ रोजी. गाभा जुनाच, भाषा इंग्रजी.

सप्टेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे एका गोमंतकीय कुटुंबाची कैफियत आली. वडिलांनी मुंबईतली मालमत्ता मृत्युपत्राने एका मुलीला दिली होती आणि मुंबईत त्याचे प्रोबेटही झाले होते. न्यायालयाने ठरवले की मूळ गोवेकराची भारतात कुठेही असलेली मालमत्ता गोव्याच्याच वारसा नियमांत येते. राखीव हिस्सा त्यामुळे माणसाबरोबर मुंबईपर्यंत गेला. दादर-गिरगावात स्थायिक झालेल्या अनेक गोवेकर घरांना हे अजून ठाऊक नाही.

वारशाने आलेली मालमत्ताही नवरा-बायकोच्या सामाईक संपत्तीत मिळते, म्हणून मुलाबरोबर सून आणि मुलीबरोबर जावई इन्व्हेंटरीत पक्षकार होतात. तीन पिढ्या काम रखडले की सह्यांची संख्या कुठल्या कुठे जाते. त्यातले निम्मे लिस्बन, लंडन किंवा कुवेतमध्ये. अशी धनी नसल्यासारखी पडलेली घरे आणि भाटे (नारळीच्या बागा) बनावट जुन्या दस्तांनी लाटण्याचे प्रकार इतके वाढले की २०२२ मध्ये सरकारला पोलिसांचे विशेष तपास पथक आणि निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग नेमावा लागला.

आणि मुली. कायदा त्यांच्या बाजूने दीडशे वर्षे उभा आहे. गावकरीचा जण, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीच्या उत्पन्नातला हिस्सा, पुरुषांच्याच वंशात चालतो हा अपवाद सोडला तर. तरी नोटरीकडे हक्कत्यागाच्या दस्तावर सह्या करायला मोठ्या संख्येने बहिणीच येतात. 'तुझ्या लग्नात खर्च केला ना' एवढे एक वाक्य पुरते. त्यांना दोन गोष्टी कुणी सांगत नाही. आईवडील हयात असताना त्यांच्या वारशावरचा हक्क सोडता येतच नाही, त्यामुळे लग्नाच्या वेळी लिहून घेतलेल्या कागदाला किंमत नाही. आणि त्यांच्या मृत्यूनंतर नोटरीपुढे केलेली सही मात्र नंतर मन बदलले म्हणून मागे घेता येत नाही.