मायक्रोबर्स्ट

मायक्रोबर्स्ट : गडगडाटी ढगातून थंड, जड हवेचा झोत वेगाने कोसळतो, जमिनीवर आपटतो आणि चहूबाजूंना फाकतो, त्यास मायक्रोबर्स्ट म्हणतात. त्याचा पसारा 4 किमी.हून कमी असतो व त्याचा खरा जोर जेमतेम पाच मिनिटे टिकतो. उंचावरच्या विमानाला धक्क्यातून सावरायला खाली हजारो मीटर मोकळी हवा असते. नुकतेच उडालेल्या किंवा उतरू लागलेल्या विमानाला ती सोय नसते.

ढगातला पाऊस कोरड्या हवेतून पडताना त्याचे थेंब विरतात आणि हवेतली उष्णता शोषून घेतात. गार झालेली ही हवा जड होऊन खाली येते. वळवाच्या सरीआधी महाराष्ट्रात जो गार सोसाट्याचा वारा सुटतो, तोही ढगातून उतरून पसरलेल्या हवेचाच. कधी पाऊस वाटेतच आटून जातो व जमिनीवर नुसती धूळ उडताना दिसते. अमेरिकेतील डेनव्हरसारख्या कोरड्या प्रदेशात हे वरचेवर घडते. असा कोरडा मायक्रोबर्स्ट अधिक फसवा असतो.

उतरणारे विमान त्यात शिरते तेव्हा आधी समोरून वारा लागतो. पंखांवरून वाहणाऱ्या हवेचा वेग वाढतो, विमान ठरलेल्या उतारमार्गाच्या वर जाते आणि वैमानिक स्वाभाविकपणे इंजिनांचा जोर कमी करतो. काही सेकंदांतच वरून झोत दाबू लागतो. पाठोपाठ वारा शेपटीकडून येतो, हवेतला वेग झपाट्याने घटतो, आणि मंदावलेल्या जेट इंजिनांना पुन्हा पूर्ण जोर धरायला काही सेकंद लागतात. खरा घात इथे आहे : आधीची अनुकूल वाटणारी उचल हाच धोक्याचा पहिला इशारा असतो.

24 जून 1975 रोजी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर उतरताना ईस्टर्न एअर लाइन्सचे बोइंग 727 कोसळले. 113 जण दगावले. त्याआधी काही मिनिटे उतरलेल्या एका मालवाहू विमानाच्या वैमानिकाने धावपट्टी बदलण्याची विनंती नियंत्रकाला केली होती. आणखी एका विमानाने उतरणे सोडून दिले होते. तरीही वापरातली धावपट्टी तीच राहिली. या अपघाताचा अभ्यास करून शिकागो विद्यापीठातील हवामानशास्त्रज्ञ टेट्सुया फुजिता यांनी मायक्रोबर्स्टची कल्पना मांडली. सुरुवातीला अनेक तज्ज्ञांना ती पटली नाही. 1978 मध्ये शिकागोजवळ डॉप्लर रडारांनी (वाऱ्याचा वेगही मोजणारे रडार) केलेल्या निरीक्षणांत तिला पुरावा मिळाला.

पुढे 1982 मध्ये न्यू ऑर्लिन्सजवळ उड्डाण करताना पॅन ॲमचे विमान पडून 153 आणि 1985 मध्ये डॅलस येथे उतरताना डेल्टाचे विमान पडून 137 मृत्यू झाले. त्यानंतर विमानतळांवर डॉप्लर रडार आले, धावपट्ट्यांभोवती वायुवेगमापक वाढले, आणि 1988 साली अमेरिकेने प्रवासी विमानांत धोक्याचा इशारा देणारी यंत्रणा सक्तीची केली.

इशारा मिळताच वैमानिकाने इंजिने पूर्ण जोरात चालवायची, नाक वर धरायचे आणि झोताबाहेर पडेपर्यंत चाके व फ्लॅप्स (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) आहेत तसेच ठेवायचे, अशी शिकवण असते. मात्र झोत फार जोरदार असेल तर याने भागत नाही. शिवाय इशारा दर वेळी मिळतोच असे नाही. 1994 मध्ये अमेरिकेत शार्लट येथे पडलेल्या डीसी-9 विमानात इशारा देणारी यंत्रणा होती, पण फ्लॅप्स हलत असताना तिची संवेदनशीलता कमी होत असल्याने ती वाजलीच नाही. 37 प्रवासी गेले. म्हणून धावपट्टीच्या वाटेत गडगडाटी ढग दिसत असेल, तर दहा-पंधरा मिनिटे घिरट्या घालणे किंवा दुसऱ्या विमानतळाकडे वळणे हाच योग्य निर्णय मानला जातो.